चिठ्ठी मुंबईची, दवाखाना सिडकोतला

ताई, नमस्कार.

मी ४९ वर्षांची. नाशिकच्या सिडकोत राहते, एका पतसंस्थेत कॅशियर आहे. पाळी जाऊन १४ महिने झाले. दिवसातून आठ-दहा वेळा छातीपासून वर गरम वाफ चढते. ओढणीने तोंड पुसत नोटा मोजते आणि मधेच आकडा विसरते. दोनदा तूट आली, ती पदरची भरली. रात्री दोनला गाऊन घामाने भिजलेला असतो, मग पहाटेपर्यंत गॅलरीत बसून राहते.

दिवाळीनंतर लेकीने मुंबईला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी सोनोग्राफी, मॅमोग्राफी, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि इस्ट्रोजन या हार्मोनचं कातडीला लावायचं जेल व रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली. तीन महिन्यांनी परत या म्हणाल्या.

नाशिकला आल्यावर चिठ्ठी आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवली. ते एमबीबीएस आहेत. १९९८ साली त्यांनी दवाखाना काढला तेव्हापासून आमचं सगळं घर त्यांच्याकडे. त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली. म्हणाले, "हार्मोनच्या फंदात पडू नका, कॅन्सर होतो. दोन वर्षांत आपोआप जाईल." कॅल्शियम आणि झोपेची गोळी दिली. ह्यांचं म्हणणं, डॉक्टर नको म्हणतात ना, मग नको. त्या गडबडीत औषध आणायचं राहिलं. आता मेडिकलवाला म्हणतो चिठ्ठी जुनी झाली, नवी आणा. मैत्रीण म्हणते, दुसरीकडून मिळव आणि घरी सांगूच नकोस. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, त्यामुळे मनात भीतीही आहेच. काय करू?

– सुनंदा (नाव बदललं आहे), नाशिक

सुनंदाताई,

तूट पदरची भरली, हे वाचलं आणि मी पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. वर्षानुवर्षं नोटा मोजणारी बाई स्वतःच्याच बोटांवर संशय घ्यायला लागते, तेव्हा तिला "या वयात होतंच" म्हणून परत पाठवणं मला पटत नाही. होतं, हे खरं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, तुमचीही त्याच सुमाराला गेली. पण चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं तेही सगळ्यांनाच, आणि आपण मुकाट्याने चष्मा करून घेतो. "हे वयाचंच आहे, डोळे चोळत राहा" असं कुणी म्हणत नाही.

शिवाय दोन वर्षांत जाईल, हा अंदाज तोकडा आहे. या वाफा सरासरी सात वर्षांच्या आसपास चालतात, काहीजणींना दहाच्याही वर. कॅल्शियम हाडांसाठी ठीक आहे, त्याने एकही वाफ कमी होणार नाही. इस्ट्रोजनने मात्र वाफांची संख्या साधारण तीन चतुर्थांशांनी उतरते. इतका गुण देणारं दुसरं औषध आजही नाही. मुंबईच्या बाईंनी तुमच्यावर काही भलतासलता प्रयोग केलेला नाही, एवढं आधी मनात पक्कं करा.

आता डॉक्टर. त्यांची भीती कुठून आली हे कळलं, तर त्यांच्याशी बोलायचं कसं तेही सुचेल.

अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातल्या एका भागात १६,६०८ बायका होत्या. साधारण निम्म्यांना हार्मोनची गोळी आणि बाकीच्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. साडेआठ वर्षं चालायचं ते काम सरासरी पाच वर्षांतच, जुलै २००२ मध्ये थांबवलं, कारण हार्मोन घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला. जगभर मथळे झाले. लाखो बायकांनी गोळ्या बंद केल्या, आणि डॉक्टरांनी त्या लिहिणंच सोडलं. तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा चार वर्षांचा होता. नव्या डॉक्टरला असा चटका बसला की पुढची पंचवीस वर्षं तो त्या वाटेला जात नाही. आणि नंतर जे कळत गेलं, ते कुठल्या पहिल्या पानावर आलं नाही.

काय कळलं? जास्त म्हणजे किती, तर वर्षाला १०,००० बायकांमागे ३० ऐवजी ३८. त्या बायकांचं सरासरी वय ६३, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. गोळीतलं इस्ट्रोजन गाभण घोडीच्या मुतातून काढलेलं, आणि जोडीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन नावाचं कृत्रिम हार्मोन. ज्यांची पिशवी काढलेली होती अशा बायकांना नुसतं इस्ट्रोजन दिलं होतं. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही, उलट पुढच्या वर्षांत कमीच दिसला. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांच्या वेष्टनावरचा ठळक इशारा बराचसा काढून टाकायचं जाहीर केलं. त्यांनी तो फारच सैल केला असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत, पण २००२ चा मथळा जसाच्या तसा कुणीच धरून बसलेलं नाही.

तुमच्या चिठ्ठीतलं औषध त्या गोळीपेक्षा वेगळं आहे. जेलमध्ये इस्ट्राडायॉल असतं, आपल्या बीजांडकोशात बनतं तेच. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजन आधी यकृतातून जातं आणि रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढवतं. कातडीतून शिरलेलं त्या वाटेने जात नाही, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत तो धोका वाढलेला दिसत नाही. कॅप्सूल कशासाठी, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण इथे बायका हमखास चुकतात. तुमची पिशवी जागेवर आहे. नुसतं इस्ट्रोजन मिळत राहिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो. त्याला आवर घालते ती ही कॅप्सूल. तिने झोप येते म्हणून ती रात्री. "जेलने बरं वाटतंय, कॅप्सूल महाग आहे, सोडू" असं कधीही करू नका.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. दोन्ही हार्मोन मिळून काही वर्षं घेतली तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, आणि वर्षं वाढतील तशी आणखी. पण वय साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, त्रास खरा आहे आणि दुसरी काही अडचण नाही, अशा बाईच्या बाबतीत फायद्याचं पारडं जड असतं, यावर आपल्या इंडियन मेनोपॉज सोसायटीपासून परदेशातल्या संस्थांपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे.

दुसरी काही अडचण नाही, हे शब्द मात्र तुमच्या बाबतीत अजून पडताळायचे आहेत.

पत्रात मावशी अगदी शेवटी, जाता जाता आली आहे. मुंबईच्या बाईंना हे सांगितलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना मात्र ते माहीत असण्याची शक्यता फार. इतक्या वर्षांत मावशीच्या आजाराचा विषय त्या दवाखान्यात कधी ना कधी निघालाच असणार. त्यांच्या 'नको'मागे २००२ चा मथळा नसेलही, तुमची मावशी असेल. विचारल्याशिवाय ते कळायचं नाही.

मावशीला साठी-सत्तरीत एकदा झालेला कॅन्सर एवढ्यावरून सहसा हे औषध नाकारत नाहीत. पण पन्नाशीच्या आत झाला असेल, दोन्ही बाजूंना झाला असेल, किंवा आईकडच्या-वडिलांकडच्या आणखी कुणाला स्तनाचा वा बीजांडकोशाचा कॅन्सर असेल, तर आधी आनुवंशिक तपासणीबद्दल बोलायला हवं. याशिवाय तुमच्या डॉक्टरांना तुमचं बीपी माहीत आहे. कधी कावीळ झाली होती का, अर्धशिशी आहे का, बाळंतपणात पाय सुजून गुठळी झाली होती का, हेही त्यांनाच ठाऊक. मुंबईच्या बाईंनी तुम्हाला अर्धा तास पाहिलं. त्यांच्याकडे नवं ज्ञान आहे, फॅमिली डॉक्टरांकडे तुमची सगळी माहिती आहे. कागद अर्धा-अर्धा दोघांकडे आहे, आणि तो जुळवायला आत्ता तरी तुमच्याशिवाय कुणी नाही.

म्हणून आधी मुंबईला फोन करून मावशीचं सांगा. सगळं ऐकूनही त्यांचं मत तेच राहिलं, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांच्या नावाने एक पत्र मागून घ्या. चिठ्ठी मेडिकलवाल्यासाठी असते; डॉक्टरला डॉक्टरचं पत्र लागतं. त्यात तुमचं वय, शेवटची पाळी कधी, पिशवी आहे हे, कुठल्या तपासण्या झाल्या आणि काय निघालं, औषधाची मात्रा, मावशीचा विचार केल्याचा उल्लेख, पुढे काय-काय बघत राहायचं, आणि काय झालं तर त्यांना फोन करायचा, एवढं यावं. खाली त्यांचा नोंदणी क्रमांक आणि थेट फोन नंबर. बहुतेक तज्ज्ञ मागितलं तर असं पत्र देतात, पण आपण मागतच नाही.

मग सिडकोतल्या दवाखान्यात जा, पण संध्याकाळी सातला नको. ताप-खोकल्याचे पेशंट बाकावर दाटीवाटीने बसलेले असताना हा विषय काढलात, तर दीड मिनिटात "नको" हेच उत्तर मिळेल. दुपारी नंबर संपत येतात तेव्हा जा. मिस्टरांना बरोबर घ्या आणि बाहेर बसवू नका, आत न्या. बोलताना परवानगी मागायला आल्यासारखं बोलू नका. साधारण असं म्हणा:

"डॉक्टर, मुंबईच्या बाईंनी तुमच्यासाठी पत्र दिलंय. मावशीचं त्यांना सांगितलंय, तो विचार करूनच त्यांनी लिहिलंय. दर वेळी मुंबई मला जमणार नाही. सुरुवात त्यांनी करून दिली, तर पुढे तीन-तीन महिन्यांची चिठ्ठी तुम्ही द्याल का? आणि माझ्या बाबतीत तुम्हाला नेमकं काय खटकतंय तेही सांगा, मी त्यांना विचारते."

शेवटचं वाक्य विसरू नका, आणि ते बोलून झाल्यावर गप्प बसा. त्यांना विचार करू द्या. "कॅन्सर होतो" एवढंच म्हणाले, तर पत्र पुढे करा, मोबाईलवरून मुंबईच्या बाईंना फोन लावून द्या. दोन डॉक्टर आपापसात पाच मिनिटं बोलले की जे सुटतं, ते पेशंटने महिनाभर निरोप पोचवून सुटत नाही. "तुमचं बीपी वर-खाली होतंय, आधी ते ताब्यात आणू" म्हणाले, तर ते ऐकण्यासारखं आहे, ऐका. आणि कदाचित ते खरं कारण सांगतील: हे औषध त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलेलंच नाही, मधेच अंगावरून गेलं तर काय करायचं याची त्यांना खात्री नाही. असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्या डॉक्टरबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एमबीबीएस डॉक्टर हे औषध लिहू शकतात, पण लिहिलंच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही.

तसं झालं, तर त्यांच्याकडून चिठ्ठी घेऊ नका, दुसरं मागा. "तुम्ही लिहू नका, पण माझ्या फाइलमध्ये हे औषध चालू असल्याची नोंद करा, आणि दर तीन महिन्यांनी बीपी-वजन बघा." याला ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

चिठ्ठी मिळवायच्या दुसऱ्या वाटा आहेत. नाशकातच कॅनडा कॉर्नरपासून गंगापूर रोडपर्यंत स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्यांना तोटा नाही. फक्त नंबर लावतानाच विचारा, मॅडम मेनोपॉजचे पेशंट बघतात का, हार्मोनचे उपचार देतात का. कित्येक ठिकाणी सगळा वेळ बाळंतपणं आणि वंध्यत्व यातच जातो, आणि तिथेही तुम्हाला कॅल्शियमच मिळेल. दुसरी वाट व्हिडिओ कॉलची. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याचे नियम काढले. प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच त्रासासाठी, तोच डॉक्टर फोनवर वा व्हिडिओवर बघून औषध पुढे चालू ठेवू शकतो. तुमची भेट दिवाळीनंतरची आहे, तेव्हा तारीख मोजा आणि मुदत टळायच्या आत बोलून घ्या. सही, नोंदणी क्रमांक, तारीख आणि 'तीन महिन्यांसाठी' असे शब्द चिठ्ठीवर असले की मुंबईची चिठ्ठी नाशकात चालते. मेडिकलवाल्याने जुनी चिठ्ठी नाकारली म्हणून रागावू नका, तो योग्य वागला. ही औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नसतातच.

(हे वाचणाऱ्या इतर बायकांसाठी: तुमचे घरचे डॉक्टर बीएएमएस किंवा बीएचएमएस असतील, तर हार्मोनची चिठ्ठी त्यांच्याकडे मागू नका. त्यांना माहिती द्या, चिठ्ठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून घ्या. आणि ज्यांची पिशवी बीजांडकोशांसकट पंचेचाळिशीच्या आत काढली आहे, त्यांनी तर वाफा येत नसल्या तरी एकदा हा विषय तज्ज्ञांकडे काढावाच. त्यांच्या हाडांना आणि हृदयाला इस्ट्रोजनची उणीव लवकर सुरू होते, आणि पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत ते भरून देणं योग्य मानतात.)

आता मैत्रिणीचा सल्ला. घरी सांगू नकोस, लपवून घे.

माझ्या नात्यातल्या एका वहिनींनी हेच केलं होतं. गोळ्यांची पाकिटं तांदळाच्या डब्यात. दुसऱ्या महिन्यात अंगावरून थोडं जायला लागलं. हे औषध सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने असं होऊ शकतं, त्यात नवल नाही. पण घाबरून घरच्यांनी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या लेखी ही पाळी गेलेली, कुठलंही औषध न घेणारी बाई. अशा बाईच्या अंगावरून गेलं तर पहिला संशय पिशवीच्या कॅन्सरचा घ्यावाच लागतो. सोनोग्राफी, मग पिशवीतला तुकडा काढून तपासणी, सगळं घर आठ दिवस जेवलं नाही. आणि वहिनी सासूबाई, दीर सगळ्यांसमोर "मी गोळ्या घेतेय" हे तीन शब्द बोलू शकल्या नाहीत. रिपोर्ट चांगला आला. पण त्या आठ दिवसांत त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, हे लपवायचं औषध नाही. सहा महिन्यांनंतरही जात राहिलं, किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर तपासणी हवीच. छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दिसेनासं होणं किंवा बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. तेव्हा बरोबर असणाऱ्या माणसाला तुम्ही काय घेताय ते माहीत असलं पाहिजे, आणि रात्री दोनला ते माणूस म्हणजे तुमचे मिस्टरच असणार.

त्यांच्याशी या विषयावर बसून बोलला आहात का? पत्रातून वाटतं, तुम्ही चिठ्ठी दाखवलीत, त्यांनी डॉक्टरांचं मत सांगितलं, विषय मिटला. गॅलरीत बसता हे त्यांना माहीत आहे का? हिशेबाच्या तुटीचं? कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर नवऱ्याने नको म्हणणं मी समजू शकते. पण त्यांना तराजूची एकच बाजू दिसली आहे. दुसरी दाखवायला लाज वाटू देऊ नका. आठवडाभर एका वहीत लिहा: किती वाफा, रात्री किती वेळा जाग, किती तास झोप. तुम्ही कॅशियर आहात, रोजमेळ तुम्हाला कुणी शिकवायला नको. ती वही त्यांनाही दाखवा, डॉक्टरांनाही. "मला फार त्रास होतो" यापेक्षा "मंगळवारी ११ वेळा, झोप साडेतीन तास" याला दवाखान्यात जास्त वजन पडतं.

झोपेच्या गोळीबद्दल. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पण अशा बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, आणि घामाने जाग येणाऱ्या बाईचा घाम काही त्या थांबवत नाहीत. किती दिवस घेताय ते दोन्ही डॉक्टरांना सांगा. रोज घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. कॅप्सूल सुरू झाली की रात्री दोन्हींची गुंगी एकत्र येईल, हेही विचारून घ्या.

आणि मावशीचा तपशील नीट निघाला नाही, किंवा तो पाहून मुंबईच्या बाईच नको म्हणाल्या, तरी दारं बंद होत नाहीत. हार्मोन नसलेली, वाफांवर चालणारी औषधं आहेत. गुण थोडा कमी, पण आहे. तेव्हा फोन करताना "नाही म्हणाल्या तर?" हे ओझं मनावर ठेवू नका.

तो फोन करायच्या आधी एक फोन मावशीच्या घरी करा. मावशी असतील तर त्यांनाच विचारा, नसतील तर त्यांच्या मुलांना: कॅन्सर कळला तेव्हा वय किती होतं, एका बाजूला की दोन्ही, आणि त्या घरात आणखी कुणाला झाला का. उत्तरं त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुंबईच्या बाई पहिल्यांदा तेच विचारतील.